आधी तारीख लावायची

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून पितळेचे डबे, पाळण्याच्या दोऱ्या, जुन्या पाट्या खाली येतात आणि त्यांच्या मागोमाग रजईत गुंडाळलेला एक लॅपटॉपही येतो. काळा, जाडजूड, झाकणावरच्या रबरी लेपाला आता चिकटपणा आलेला. आयबीएमचा थिंकपॅड टी४२, साल २००४. कुणाच्या तरी पहिल्या नोकरीतला, नाहीतर ऑफिसने बदली मशिनं घेतली तेव्हा स्वस्तात घरी आणलेला. ‘स्लो झालाय, काय उपयोग?’ असं म्हणून कुणीतरी तो भंगाराच्या ढिगाकडे सरकवतं.

पण मशीन स्लो झालेलं नसतं. त्यातला १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम तेव्हा जेवढा पळत होता तेवढाच आजही पळतो. या वीस वर्षांत इंटरनेटच्या दाराची कुलपं बदलली आणि हा जुन्याच किल्ल्या घेऊन उभा आहे. वाय-फायची सुरक्षा बदलली, वेबसाइटची प्रमाणपत्रं बदलली, ब्राउझरला लागणारा प्रोसेसर बदलला. कुठलं दार बंद आहे हे एकेक करून शोधलं, तर बहुतेक दारं उघडतात. फक्त क्रम चुकवायचा नाही. वीज, तारीख, धूळ, डिस्क आणि मग नेट. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि दोन दिवसांनी वैतागून झाकण मिटतात.

विजेपासून सुरुवात करू, कारण चूक झाली तर पुढचं काही उरतच नाही. टी४२चा अॅडाप्टर १६ व्होल्ट, ४.५ अँपिअरचा. पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर, आतून २.५ मिलिमीटर. अडचण अशी की बऱ्याच इतर लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अॅडाप्टरची पिनही नेमकी हीच असते. ती खटकन बसते आणि ‘बसतंय की’ म्हणून माणूस बटण दाबतो. तीन व्होल्ट जास्त म्हणजे बोर्डावरच्या चार्जिंगच्या भागाशी खेळ. थिंकपॅडच्या नंतरच्या, लेनोवोने काढलेल्या मॉडेलांचा २० व्होल्टचा अॅडाप्टर निदान जाड पिनेमुळे आत जातच नाही. तेव्हा अॅडाप्टरवरचं लेबल भिंग लावून वाचा, ‘आउटपुट’ शब्दापुढचा आकडा बघा, मगच लावा.

बॅटरी काढून बाजूला ठेवा. वीस वर्षं पडून राहिलेल्या लिथियमच्या सेलना चार्ज देणं धोक्याचं आहे, आणि पॅक फुगलेला दिसला तर तो लावूच नये. सपाट पृष्ठभागावर ठेवल्यावर डुगडुगला तर समजावं की फुगलाय. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायचा. बॅटरीशिवाय मशीन अॅडाप्टरवर छान चालतं. मात्र वीज गेली की क्षणात बंद पडतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा लपंडाव खेळते ते सांगायला नको. घराच्या इन्व्हर्टरवरचा प्लग मिळाला तर तोच वापरावा.

आता तारीख. बटण दाबल्यावर दोन बीप होऊन पडद्यावर ‘१६३’ आकडा आला, तर मशीन सांगतंय की त्याला आज कोणता दिवस आहे हे माहीत नाही. आत सीआर२०३२ जातीचा, जुन्या पंचवीस पैशाएवढा एक गोल सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालतं ठेवणारा तोच. मल्टिमीटर लावा. नवा सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो, अडीचच्या खाली असेल तर तो गेला. हा सेल रिमोटसारखा नुसता खाचेत बसत नाही. त्याला लाल-काळी वायर आणि टोकाला दोन पिनांचा बारीक कनेक्टर असतो, वरून प्लॅस्टिकची आकसलेली कातडी. साध्या सेलला सोल्डरिंग आयर्न टेकवून वायर जोडू नका. उष्णतेने सेल आतून खराब होतो, कधी फुटतोही. वायरीसकट तयार सेल मिळतो, तो मागवा. कनेक्टर काढताना वायरीला ओढू नका, नखांनी पांढरा ठोकळा दोन्ही बाजूंनी हलवत सोडवा. वीस वर्षांत ते प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं.

एका सेलवर एवढं का थांबायचं? प्रत्येक सुरक्षित वेबसाइट ब्राउझरला प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. मशीनच्या घड्याळात २००३ साल असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. मग ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा लाल पडदा येतो आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये जायचं, तारीख आणि वेळ हाताने लावायची, एफ१०ने जतन करायची. एकाच मशीनवर विंडोज एक्सपी आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणार असाल तर घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे होईल. एक्सपी त्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ धरतं. लिनक्सला ‘स्थानिक वेळ वापर’ असं एकदा सांगितलं की भांडण मिटतं.

तिथेच आत धूळ बघून घ्या. कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात कुणी घालत नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवतात, कारण ओल चामड्याला खाते. लॅपटॉपला मात्र ही माया मिळत नाही. जून ते सप्टेंबरची इथली दमट हवा पंख्याच्या पात्यांवरच्या धुळीचा लेप करते, तांब्याच्या पट्ट्यांमध्ये नमदा बसवते, रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर आणते. रॅम काढून साध्या पांढऱ्या खोडरबराने दात हलके पुसा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. अर्धी ‘चालूच होत नाही’ची तक्रार इथे संपते. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट खडूसारखी झालेली असते. ती पुसून तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवायची, जास्त नको. पंखा खरखरत असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब दांड्याला द्यायचा.

टी४२ची एक दुखरी जागा ध्यानात ठेवा. चालू मशीन एका हाताने कोपऱ्याला धरून उचललं की बोर्ड किंचित वाकतो आणि ग्राफिक्सच्या एटीआय चिपखालचे टाके हळूहळू तडकतात. पडद्यावर रेघा येतात, मग चित्रच येत नाही. तांब्याभरून पाणी आणताना दोन्ही हात लावतो तसं हे मशीन दोन्ही हातांनीच उचलायचं. पडदाही जुन्या पद्धतीचा, मागे ट्यूबलाइटसारखी बारीक नळी असलेला. सुरुवातीला तांबूस दिसला तर नळी म्हातारी झालीय इतकंच. त्या नळीला वीज देणाऱ्या पट्टीवर शेकडो व्होल्ट असतात, म्हणून चालू असताना तिथे बोट न्यायचं नाही.

कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१च्या महापुरात पाण्यात गेलेली मशिनंही अजून घरोघरी कपाटात आहेत. त्यांना वीज लावायची घाई अजिबात नको. पंचगंगेचा गाळ वाळला की कनेक्टरच्या आत सिमेंटसारखा बसतो. बोर्ड सुटा करून डिस्टिल्ड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, मग अल्कोहोलने. दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवा. हिरवट गंज चिपच्या पायांपर्यंत पोचला असेल तर मशीनचा नाद सोडा आणि फक्त डिस्क वाचवायच्या मागे लागा.

डिस्कबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. नवं काही टाकण्याआधी जुनं काढून घ्या. टी४२मध्ये तळाचा एक स्क्रू सोडला की डिस्क बाजूने सरकून बाहेर येते. ती ४४ पिनांची, आयडीई या जुन्या जोडणीची. आयडीई ते यूएसबी अॅडाप्टरने ती दुसऱ्या मशीनला जोडा आणि डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. डिस्क कटकट आवाज करत असेल तर फाइली उघडून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक वाचनागणिक ती मरणाकडे जाते, म्हणून पहिलंच वाचन प्रतिमेसाठी.

मराठी घरांतल्या डिस्कवर एक जास्तीची गोष्ट वाचवायची असते, ती म्हणजे फाँट. २००४च्या आसपास आपल्याकडचं बहुतेक मराठी लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हतं. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, वर्गणीच्या याद्या, आजोबांच्या आठवणी हे सगळं श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फाँटांत टाइप केलेलं असे. आत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट नसला की आजोबांच्या आठवणींच्या जागी कंस, डॉलर आणि उलटेसुलटे स्वर दिसतात. विंडोजच्या फाँट्स फोल्डरची पूर्ण प्रत वेगळी ठेवा. पुढे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणताना कोणता फाँट होता हे कळलं नाही तर जोडाक्षरांचा खिमा होतो. डिस्क फॉरमॅट करून पश्चात्ताप करणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त हेच गेलेलं असतं.

मग नवी डिस्क. एमसाटा जातीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) ४४ पिनी आयडीईला जोडून देणारी छोटी पेटी बाजारात मिळते. पेटीवर ‘मास्टर’ची जोडणी ठेवायची. १२० जीबीची एसएसडी पुष्कळ झाली. काही जुन्या बायोसना १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही, त्यामुळे मोठी घेऊन फायदा नाही. बहुधा ही पेटी एसएसडीला ‘हा भाग आता मोकळा’ हा निरोप पोचवत नाही, म्हणून पार्टिशन करताना दहा-पंधरा जीबी कोरी सोडा. पिना बारीक आहेत. एक जरी वाकली तरी बसवताना कळत नाही, सुरू झाल्यावर कळतं. उजेडात आडवी धरून ओळ बघा.

रॅम दोन जीबीपर्यंत जाते, एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर ३३३. दुकानात डीडीआर२ पुढे करतील. तिलाही २०० पिनाच असतात, पण मधली खाच किंचित सरकलेली असते. बसत नसेल तर दाबू नका, ती वेगळीच जात आहे. ५१२ एमबीवर आजचं नेट वापरायचा हट्ट करू नये. दोन जीबी केल्याशिवाय पुढचं वाचूनही उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेटची पहिली चाचणी नेहमी केबलवर. मशीनला शेजारी-शेजारी दोन भोकं आहेत. लहान भोक जुन्या टेलिफोन मोडेमचं, मोठं लॅनचं. मोठ्यात राउटरची केबल लावली की पासवर्ड नाही, बँड नाही, काही नाही, नेट थेट मिळतं. केबलवर चालतंय आणि वाय-फायवर नाही, एवढं कळलं की निम्मा शोध संपला.

वाय-फायचं दुखणं असं आहे. मशीनमधलं इंटेल २२००बीजी कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं, आणि वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत डब्ल्यूपीए३ त्याला समजत नाही. आजचे फायबरचे राउटर एकाच नावाखाली २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड देतात, सुरक्षा डब्ल्यूपीए३ नाहीतर मिश्र ठेवतात आणि २.४ वर नव्या पिढीचा ‘एएक्स’ मोड लावतात. जुनं कार्ड अशा राउटरला नुसतं बघत राहतं. अख्ख्या घराची सुरक्षा एका मशीनसाठी खाली आणू नका. राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क काढा: फक्त २.४, सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस, मोड बी-जी-एन. चॅनल ‘ऑटो’वर न सोडता १, ६ किंवा ११ ठरवून द्या, कारण काही जुन्या कार्डांना १२ आणि १३ दिसतच नाहीत. पासवर्डात मराठी अक्षरं किंवा इमोजी नकोत.

नवं कार्ड आत बसवावं असं वाटेल. थिंकपॅडचा बायोस अनोळखी कार्ड दिसलं की ‘१८०२’ दाखवून जागीच थांबतो. त्याच्याशी झगडण्यापेक्षा एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल लावा, लिनक्स त्याला लगेच ओळखतं. प्रवासात फोन यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं तर वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. शिवाय फोन चार्ज होतो.

आता आत काय टाकायचं. एक्सपीवरून आजच्या नेटवर जाऊ नये. त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबली. त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोररला सुरक्षित साइटशी बोलण्याच्या टीएलएस या पद्धतीची पहिलीच आवृत्ती येते आणि ती मोठ्या ब्राउझरांनी २०२० पासून बंद केली. बऱ्याच साइट ज्या मूळ प्रमाणपत्रावर टेकल्या होत्या ते ३० सप्टेंबर २०२१ला संपलं. जुन्या आठवणींसाठी एक्सपी हवंच असेल तर केबल काढून वापरा.

३२ बिटच्या या मशीनसाठी लिनक्सचं डेबियन १२ किंवा त्यावर बेतलेलं अँटिएक्स २३. डेबियन १३ने २०२५मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केला, म्हणून घाईने सगळ्यात नवं उतरवू नका. माझी पसंती अँटिएक्सला, सुरू झाल्यावर ते रॅम फार कमी खातं. पेनड्राइव्ह तयार करून एफ१२ दाबायचं. इथे बरेच जण अडकतात, कारण ‘पीएई नाही’ असा संदेश येऊन सगळं थांबतं. पीएई म्हणजे जास्त मेमरी हाताळण्याची सोय; या पेंटियम एममध्ये ती प्रत्यक्षात आहे, प्रोसेसर ती जाहीर करत नाही इतकंच. एक तर पीएई न मागणारा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा, नाहीतर सुरुवातीच्या मेनूतल्या ओळीच्या शेवटी ‘फोर्स’ आणि ‘पीएई’ हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता जोडून लिहा. वाय-फाय कार्डाचं फर्मवेअर वेगळं घ्यावं लागलं तर ते केबलवर असतानाच घ्या.

ब्राउझर म्हणजे फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती. क्रोमला २०२१ पासून एसएसई३ नावाच्या सूचना लागतात आणि या प्रोसेसरमध्ये त्या नाहीत, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आधी बसवा. हे ऐच्छिक समजू नका, बराचसा भार जाहिरातींचाच असतो. तीन-चार टॅब, त्यापुढे नाही. व्हिडिओ ब्राउझरमध्ये अडखळतो, तोच एमपीव्ही या प्लेअरमध्ये ३६०पीवर नीट चालतो. बँकेचे व्यवहार मात्र फोनवरच करा.

आणि मग या मशीनचं खरं काम, लेखन. चौकोनी पडद्यावर मराठीचं पान उभं मावतं, कीबोर्डच्या कळा खोल जातात, बोटांना उत्तर देतात. लिनक्समध्ये भारतीय कीबोर्डची मांडणी निवडली की इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी लगेच मिळते, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. फाँट लोहित किंवा नोटो देवनागरी. एक परीक्षा घेऊन बघा, ‘वाऱ्यावर’ लिहून. शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ येतो. मग ‘डी’वर हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. पडद्यावर रफाराऐवजी ती आडवी, पापणीसारखी रेघ उमटली की फाँट आणि मांडणी दोन्ही बरोबर बसले.

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडे जुनी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर धातू कापणारी मशिनं आहेत त्यांना या लॅपटॉपचं मोल वेगळं सांगायला नको. तिथे प्रोग्रॅम अजून सीरियल केबलने जातो. टी४२च्या अंगावर सीरियल पोर्ट नाही, तो डॉकिंग स्टेशनवर आहे, नाहीतर यूएसबी ते आरएस२३२ केबल घ्यावी लागते. बॉड रेट (डेटा जाण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी ही सेटिंगं दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवी. एक आकडा चुकला की कंट्रोलर अलार्म देतो आणि केबलवर संशय जातो. या कामाला नेट लागत नाही. उलट कारखान्यातल्या मशीनला ते जोडूच नये.

डेबियन १२ची दीर्घ मुदतीची देखभाल ३० जून २०२८ला संपते. फायरफॉक्सची ३२ बिट ईएसआर मोझिला त्याही आधी थांबवेल, त्यांनी किमान सप्टेंबर २०२६पर्यंतचीच हमी दिली आहे. तोवर दर महिन्याला एकदा केबल लावून अपडेट घ्या. मुदत सरली की केबल काढून ठेवा, मशीन लिहायला आणि सीरियल केबलला पुढेही चालेल. मृग लागण्याआधी सिलिका जेलच्या चार पुड्या घालून बंद डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू करा, आतली ऊब ओल घालवते.